विश्लेषण : सोमल, हिऱ्याची पूड आणि ३-३ असा कौल... मल्हारराव गायकवाडांनी खरेच विष घालायला लावले होते का?

बडोद्याच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या सरबतात १८७४ मध्ये विष सापडले. संशय थेट महाराजांवर गेला. सहा जणांच्या कमिशनचे तीन-तीन असे दोन भाग झाले आणि तरीही महाराजांची गादी गेली. दीडशे वर्षांनंतर पुरावे तपासले तर काय दिसते?

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील न उलगडलेला गुन्हा म्हटले की बहुतेकांना लंडनचा ‘जॅक द रिपर’ आठवतो. १८८८ मध्ये व्हाइटचॅपल भागात झालेल्या त्या हत्यांचे संशयित अनेक, पण एकावरही खटला चालला नाही. त्याच राणीच्या राज्यात, एका मराठी राजघराण्यात याच्या नेमके उलटे घडले. संशयित एकच होता, त्याच्यापुढे साक्षीदार उभे राहिले, उलटतपासणी झाली, रासायनिक अहवाल वाचले गेले आणि तरीही निकाल लागला नाही.

तो संशयित म्हणजे बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या सयाजीराव महाराजांवर मराठीत भरपूर लेखन आहे. त्यातील बरेचसे काम आपल्याच छत्रपती संभाजीनगरातून झाले. औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानांत सयाजीरावांचे चरित्र सहज मिळते. मल्हाररावांचे नाव त्यात पहिल्या काही पानांपुरते येते, तेही बहुधा खलनायक म्हणून. ते खलनायक होते का आणि असले तरी या गुन्ह्यात दोषी होते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मल्हारराव कोण होते?

दुसऱ्या सयाजीरावांचे हे धाकटे पुत्र. जन्म १८३१ चा. वडिलांनंतर थोरले बंधू गणपतराव १८४७ मध्ये गादीवर आले. ते १८५६ मध्ये वारले आणि खंडेराव महाराज झाले. धाकट्या भावाच्या वाट्याला राजवाड्यातील रिकामपण आणि दरबारी संशय आला.

१८५७ च्या उठावाच्या धामधुमीत गुजरातेत जे कट उघडकीस आले, त्यात मल्हाररावांचेही नाव घेतले गेले. पण त्यातून ते सुटले. १८६३ मध्ये मात्र खंडेरावांना ठार मारण्याच्या कटाचा आरोप त्यांच्यावर आला आणि त्यांना बडोद्याजवळच्या पादरा येथे कैदेत ठेवण्यात आले. पुढची सात वर्षे त्यांनी तिथेच काढली.

२८ नोव्हेंबर १८७० रोजी खंडेराव वारले. त्यांना मुलगा नव्हता. त्यामुळे काल परवापर्यंत कैदी असलेला भाऊ एकदम महाराज झाला. पण त्यात एक अडचण होती. खंडेरावांच्या राणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर गादी त्याची होती. जिवाला धोका आहे असे वाटून जमनाबाईंनी ब्रिटिश रेसिडेन्सीत आसरा घेतला. जुलै १८७१ मध्ये त्यांना मुलगी झाली आणि मल्हाररावांची गादी पक्की झाली. जमनाबाई नंतर पुण्याला जाऊन राहिल्या. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

गादीवर आल्यावर त्यांनी काय केले?

सुरुवात सूड उगवण्यापासून झाली. खंडेरावांच्या मर्जीतील माणसांना पकडण्यात आले, त्यांची मालमत्ता जप्त झाली. खंडेरावांचे कारभारी भाऊ शिंदे कैदेत असतानाच मरण पावले. त्यांना विष दिले गेले, अशी कुजबुज बडोद्यात सुरू झाली आणि ती पुढे थांबलीच नाही.

खर्चाला तर मर्यादाच उरली नाही. खंडेरावांनी चांदीच्या तोफा करवल्या होत्या, मल्हाररावांनी सोन्याच्या करवल्या. राज्यारोहणाचा नजराणा म्हणून शेतकऱ्यांवर जादा वसुली बसली. जुने सरदार आणि शिलेदार यांच्या नेमणुका कापल्या गेल्या. बायकांना बळजबरीने राजवाड्यात ‘लौंडी’ म्हणून आणले जाते, अशा तक्रारी होत्या.

या तक्रारींची चौकशी करण्यासाठी १८७३ च्या अखेरीस कर्नल रिचर्ड मीड यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन बसले. अनेक तक्रारींत तथ्य आढळले. जुलै १८७४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रूक यांनी मल्हाररावांना सुधारण्यासाठी ३१ डिसेंबर १८७५ पर्यंतची मुदत दिली.

म्हणजे विषप्रयोगाच्या आधीच मल्हाररावांची प्रतिमा पुरती मलिन झालेली होती. पुढचे पुरावे वाचताना ही गोष्ट दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावी लागते. असा माणूस विष घालायला लावू शकतो, हे खरे. आणि अशा माणसावर कोणताही आरोप सहज चिकटतो, हेही तितकेच खरे.

कर्नल फेअर यांच्याशी का बिनसले?

कर्नल रॉबर्ट फेअर मार्च १८७३ मध्ये बडोद्याचे रेसिडेंट म्हणून आले. ॲबिसिनियाच्या मोहिमेत काम केलेले हे लष्करी अधिकारी कडक आणि हट्टी होते. महाराजांविरुद्ध तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचे दार उघडे असे. भाऊ पुणेकर नावाचे गृहस्थ त्यांच्याकडे नेहमी येत आणि दरबारातील बातम्या पुरवत.

दुसरीकडे मल्हाररावांनी कारभार सुधारण्यासाठी दादाभाई नौरोजी यांना बोलावले होते. होय, तेच दादाभाई. फेअर यांना ही नेमणूक पसंत नव्हती आणि दोघांचे पटले नाही. मे १८७४ मध्ये मल्हाररावांनी लक्ष्मीबाईंशी विवाह केला. त्या लग्नाला मान्यता द्यायला फेअर तयार नव्हते. ऑक्टोबरात लक्ष्मीबाईंना मुलगा झाला आणि वारसाचा प्रश्न आणखी नाजूक बनला.

अखेर २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी व्हाइसरॉयना खलिता पाठवून फेअर यांची बदली मागितली. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी सरबताचा प्रकार घडला.

९ नोव्हेंबर १८७४ : त्या सकाळी काय झाले?

दिवाळीचे दिवस होते. सोमवार होता. फेअर नेहमीप्रमाणे सकाळी फिरून सातच्या सुमारास परत आले. त्यांच्या खोलीत पपनसाच्या सरबताचा पेला रोजच्यासारखा भरून ठेवला होता. त्यांनी दोन-तीन घोट घेतले. अर्ध्या तासात मळमळू लागले, डोके जड झाले, तोंडाला तांब्यासारखी चव आली.

पपनस खराब निघाले असेल असे समजून त्यांनी उरलेले सरबत बाहेर ओतून दिले. पेला खाली ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला. तेव्हा त्यांना संशय आला आणि त्यांनी रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. सिवर्ड यांना बोलावले. आधीच्या काही दिवसांतही सरबत घेतल्यावर बरे वाटत नव्हते, हे त्यांना आता आठवले.

महाराज दर सोमवारी आणि गुरुवारी रेसिडेंटला भेटायला येत. त्या दिवशीही ते आले, प्रकृती आणि दिवाळीचे फराळ यावर गप्पा झाल्या आणि ते गेले. फेअर यांनी सरबताचा विषय काढला नाही.

पेल्यात नेमके काय होते?

डॉ. सिवर्ड यांनी गाळाचा थोडा भाग कोळशाच्या पुडीबरोबर काचेच्या बारीक नळीत तापवला. नळीच्या थंड भागावर चकचकीत कडे जमले. अर्सेनिकची ही त्या काळातील ओळखीची चाचणी. उरलेला गाळ मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. त्यांनाही अर्सेनिक, म्हणजे आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात ते सापडले. शिवाय चमकणारे बारीक कण होते. हे कण काचेचे, गारगोटीचे की हिऱ्याचे, यावर बराच खल झाला आणि अखेर हिऱ्याची शक्यता मान्य झाली.

इथे थोडे रसायनशास्त्र उपयोगी पडते. पांढरा सोमल थंड पाण्यात फारच कमी विरघळतो. तो पेल्यात टाकला तर बराचसा तळाशी बसतो. म्हणजे गाळ दिसणे आणि दोन-तीन घोटांनी जीव न जाणे, या दोन्ही गोष्टी सोमलाशी जुळतात. पेल्यात विष होते, याबद्दल शंका घ्यायला फारशी जागा नाही.

हिऱ्याचे काय? हिरकणी गिळली की माणूस मरतो, ही समजूत आपल्याकडे घराघरांत आहे. प्रत्यक्षात हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. पोटात तो कशाशीही अभिक्रिया करत नाही. त्याने विषाची ताकद वाढत नाही. पण हिऱ्याची पूड श्रीमंताकडेच असणार, म्हणून हे कण रसायनशास्त्रापेक्षा संशयाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे ठरले. सोमल कोणीही आणू शकतो, हिरे वाटून कोण टाकणार?

तपास कसा झाला?

सुरुवातीला फेअर यांनीच नोकरांची चौकशी केली. त्यातून काही निघाले नाही. २५ नोव्हेंबरला व्हाइसरॉयनी फेअर यांना हटवण्याचा निर्णय घेतला आणि त्यांच्या जागी सर लुईस पेली यांना पाठवले. म्हणजे मल्हाररावांनी मागितलेली बदली झालीसुद्धा.

डिसेंबरात मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपले निवडक डिटेक्टिव्ह घेऊन बडोद्यात आले. अकबर अली हे त्यांतले प्रमुख नाव. त्यानंतर चक्रे वेगाने फिरली.

- २२ डिसेंबर : रेसिडेन्सीचा हवालदार रावजी याने माफीच्या आश्वासनावर कबुली दिली. जमादार नरसूकडून पूड मिळाली आणि आपण ती सरबतात टाकली, असे त्याने सांगितले.
- २४ डिसेंबर : जमादार नरसूचीही कबुली. त्याला माफीचे आश्वासन नव्हते. पुढे त्याने रेसिडेन्सीतील विहिरीत उडी घेतली, पण तो वाचला.
- २५ डिसेंबर : रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. ती शोधणारे अकबर अली.
- १४ जानेवारी १८७५ : मल्हाररावांना अटक. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंतही ताब्यात.
- २९ जानेवारी : दामोदरपंतांची कबुली, तीही माफीच्या आश्वासनावर.

कमिशनमध्ये कोण होते?

एका संस्थानिकावर कोणत्या कोर्टात खटला चालवायचा, हा प्रश्नच होता. म्हणून सहा जणांचे चौकशी कमिशन नेमले गेले. तीन इंग्रज, तीन भारतीय.

इंग्रजांत कलकत्ता हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष होते. दुसरे सर रिचर्ड मीड. १८५९ मध्ये तात्या टोपे पकडले गेले ते याच मीड यांच्या छावणीत. बडोद्याच्या गैरकारभाराची आधीची चौकशीही यांचीच. तिसरे फिलिप मेल्विल. ते पुढे बडोद्यातच गव्हर्नर जनरलचे एजंट झाले.

भारतीयांत ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. दिनकरराव मूळचे कोकणातील देवरूखचे. त्यांच्या कारभाराचा त्या काळात मोठा लौकिक होता.

सरकारतर्फे मुंबईचे ॲडव्होकेट जनरल अँड्र्यू स्कोबल उभे राहिले. मल्हाररावांसाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आले. इंग्लंडमध्ये गाजलेल्या टिचबोर्न दाव्यातले हे वकील. त्यांची फी १० हजार पौंड होती, असे सांगितले जाते. २३ फेब्रुवारी १८७५ रोजी कामकाज सुरू झाले.

मल्हाररावांविरुद्ध कोणते पुरावे होते?

१. तीन कबुल्या. विष टाकणारा रावजी, पुरवणारा नरसू आणि महाराजांच्या वतीने ते मिळवणारे दामोदरपंत. वरपासून खालपर्यंत पूर्ण साखळी.

२. गुप्त भेटी. रेसिडेन्सीचे नोकर रात्री महाराजांना भेटायला जात. आया अमिना हिने या भेटी कबूल केल्या. यशवंतराव आणि सालम हे महाराजांचे मध्यस्थ होते.

३. पैसा. रावजीने त्या काळात केलेले दागिने त्याच्या पगारात बसणारे नव्हते. दामोदरपंतांच्या खासगी हिशेबात काही नोंदींवर शाई सांडून त्या पुसट केल्या होत्या.

४. हेतू. डोक्यावर सुधारणेची मुदत, समोर शत्रू झालेला रेसिडेंट आणि नवजात मुलाचा वारसाहक्क टांगणीला.

५. हिऱ्याची पूड. दामोदरपंतांच्या म्हणण्यानुसार सोमल नुरुद्दीन बोहरी याच्याकडून आणि हिरे जवाहिऱ्या हेमचंद फतेहचंद याच्याकडून आणले गेले.

एकत्र वाचले तर हे सगळे भक्कम वाटते. तिन्ही इंग्रज सदस्यांनाही तसेच वाटले.

हा पुरावा कुठे कमी पडतो?

एकेक कडी वेगळी काढून ओढून पाहू.

कबुल्या तीन होत्या, पण त्या स्वतंत्र होत्या का? एका यंत्रावर तीन सेन्सर लावले आणि तिन्ही एकाच वायरवर असले, तर तिन्हींचे आकडे जुळले म्हणून खात्री तिप्पट होत नाही. वायरच खराब असेल तर तिन्ही आकडे चुकतात. रावजी, नरसू आणि दामोदरपंत तिघेही एकाच पोलीस पथकाच्या ताब्यात बोलले. त्यातील दोघांना माफी मिळणार होती. दामोदरपंत तर पंधरा दिवस पहाऱ्यात राहिल्यावर बोलले. बॅलंटाइन यांनी नेमका यावरच हल्ला केला.

नरसूचे तसे नव्हते. माफी नसताना त्याने कबुली दिली. इंग्रज सदस्यांच्या बाजूचा हा सर्वांत वजनदार मुद्दा. पण ज्या माणसाने विहिरीत उडी घेतली, त्याची मनःस्थिती काय असेल, हाही प्रश्न उरतोच.

पट्ट्यातील पुडी. घटनेला सहा आठवडे होऊन गेले होते. रावजीची आधी एकदा चौकशी झाली होती. फाशीला नेऊ शकणारी पुडी कोणी इतके दिवस अंगावरच्या पट्ट्यात ठेवेल का? आणि ती कबुलीनंतर तीन दिवसांनी, नेमकी पोलिसांनाच सापडावी? पुडी नंतर ठेवली गेली, असे बचाव पक्षाचे म्हणणे होते. ते सिद्ध झाले नाही, पण ते खोडूनही काढता आले नाही.

हिरे आणि सोमल. इथे साखळी तुटली. जवाहिऱ्या हेमचंद कमिशनपुढे उलटला. आपण असे हिरे विकलेच नाहीत आणि पोलिसांनी जबरदस्तीने जबाब घेतला, असे त्याने सांगितले. सोमल देणारा म्हणून ज्याचे नाव आले तो नुरुद्दीन बोहरी साक्षीला आलाच नाही. म्हणजे विषाचा उगम फक्त दामोदरपंतांच्या शब्दावर उभा राहिला.

तांब्याचा घोळ. भाऊ पुणेकरांच्या बातमीच्या आधारे फेअर यांनी विश्लेषकांना कळवले होते की, विषात सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबे आहे. तपासणीत तांबे सापडले नाही. मग हिऱ्याची पूड आहे हे पुणेकरांना आधी कसे कळले? एक तर राजवाड्यातून खरी बातमी फुटली होती, किंवा कोणीतरी आधीच गोष्ट रचत होते. दोन्ही शक्य आहे. तोंडाला लागलेली तांब्याची चव मात्र याने खोटी ठरत नाही. अर्सेनिक पोटात गेल्यावर धातूसारखी चव येऊ शकते.

गुप्त भेटी. त्या झाल्या, हे बहुतेकांना मान्य होते. पण रेसिडेन्सीतील नोकरांना बक्षिशी देऊन बातम्या काढणे हा त्या काळात प्रत्येक दरबाराचा रिवाज होता. आया अमिनाच्या सांगण्यात साहेबाचे मन वळवणाऱ्या जादूटोण्याचा विषय होता, विषाचा नव्हता.

हेतू. २ नोव्हेंबरला फेअर यांची बदली मागणारा खलिता गेला होता. त्याचे उत्तर येण्याआधीच रेसिडेंटचा जीव घेतला तर पहिला संशय कोणावर जाईल, हे मल्हाररावांना कळत नसेल? उलट बाजूने असेही म्हणता येते की, विषाची योजना आधीपासून चालू होती आणि ती थांबली नाही. हेतू आहे, पण तो गुन्ह्याकडे जितका बोट दाखवतो तितकाच त्याच्यापासून दूरही नेतो.

मग दुसरे कोण असू शकते?

पहिले नाव दामोदरपंतांचे. खासगी तिजोरीचे हिशेब त्यांच्या हाती होते. पुसलेल्या नोंदी महाराजांसाठी पुसल्या की स्वतःची अफरातफर झाकण्यासाठी, हे सांगता येत नाही. बॅलंटाइन यांनी सगळ्या कारस्थानाचा रोख त्यांच्याकडे वळवला.

दुसरी शक्यता महाराजांच्या शत्रूंची. मल्हाररावांनी चार वर्षांत जितके वैरी केले, त्यांतील कोणालाही हे हवे होते की रेसिडेंटच्या पेल्यात विष सापडावे आणि नाव महाराजांचे यावे. त्यासाठी रेसिडेंट मरायची गरजच नव्हती. पण या शक्यतेच्या बाजूने थेट पुरावा एकही नाही. तो मल्हाररावांविरुद्धच्या पुराव्यापेक्षाही कमी आहे.

कमिशनचा कौल काय लागला?

मार्चच्या अखेरीस अहवाल आला. काउच, मीड आणि मेल्विल यांच्या मते मल्हाररावांच्या चिथावणीवरून विषप्रयोग झाला हे सिद्ध झाले. जयाजीराव शिंदे आणि दिनकरराव यांच्या मते विषाचा आरोप सिद्ध झाला नाही. रामसिंह यांनी महाराजांना निर्दोष मानले.

हा फक्त गोरा-काळा भेद होता का? तसे म्हणणे सोपे आहे. पण दोन्ही गटांनी वेगळे प्रश्न विचारले, असेही दिसते. इंग्रज सदस्यांनी विचारले की, या सगळ्या गोष्टींचा सर्वांत सरळ अर्थ कोणता? भारतीय सदस्यांनी विचारले की, माफीच्या साक्षीदारांना बाजूला काढले तर उरते काय? ज्या दरबारी जगात पैसे देऊन साक्षी उभ्या केल्या जातात, ते जग शिंदे आणि दिनकरराव आतून ओळखत होते.

सतराच वर्षे आधी, १८५७ मध्ये, एडिंबरा येथे मॅडेलिन स्मिथ या तरुणीवर प्रियकराला अर्सेनिक दिल्याचा खटला चालला होता. तिने अर्सेनिक विकत घेतल्याच्या नोंदी होत्या, हेतूही होता. तरी स्कॉटलंडच्या ज्युरीने ‘सिद्ध झाले नाही’ असा कौल दिला आणि ती घरी गेली. मल्हाररावांच्या बाबतीत अर्सेनिकच्या खरेदीची नोंदही नव्हती.

मग गादी का गेली?

१९ एप्रिल १८७५ रोजी जाहीरनामा निघाला आणि मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. कारण दिले ते विषप्रयोगाचे नव्हते. कुप्रसिद्ध वर्तन, गैरकारभार आणि सुधारणा करण्याची असमर्थता ही कारणे पुढे केली गेली. कमिशनचे दोन तुकडे झाल्यावर लंडनने विषाचा आधार टाळला आणि जुन्या तक्रारी वर काढल्या.

इथेच खरा पेच आहे. सुधारणेची मुदत ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत होती. ती संपायला आठ महिने बाकी असताना त्याच कारणासाठी काढायचे असेल, तर कमिशन कशाला बसवले? आणि विषासाठी काढायचे असेल, तर तसे लिहिले का नाही? आरोप एका गोष्टीचा आणि शिक्षा दुसऱ्या गोष्टीची, असा हा हिशेब झाला.

मल्हाररावांना मद्रासला नेण्यात आले. लक्ष्मीबाईंच्या मुलाचा हक्क मान्य झाला नाही.

महाराष्ट्रात काय प्रतिक्रिया उमटली?

पुण्याच्या सार्वजनिक सभेने मल्हाररावांची बाजू उचलून धरली. वृत्तपत्रांत रकानेच्या रकाने भरले. या प्रकरणावर मराठीत नाटकही आले. वासुदेव बळवंत फडके तेव्हा पुण्यात सरकारी नोकरीत होते. या पदच्युतीनंतर त्यांनी सरकारविरुद्ध भाषणे करायला सुरुवात केली, असे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे.

लोकांना मल्हाररावांचे फार प्रेम होते म्हणून हे घडले नाही. कौल लागला नसताना शिक्षा झाली, याचा तो राग होता.

शेवट काय झाला?

पुण्यात राहणाऱ्या जमनाबाई बडोद्याला परतल्या. त्यांना दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला. आजच्या नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावातून गोपाळराव नावाच्या मुलाची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी तो तिसरे सयाजीराव म्हणून गादीवर बसला. पुढे याच सयाजीरावांनी तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. सरबताच्या त्या पेल्यापासून नागसेनवनापर्यंत असा धागा येऊन पोहोचतो.

कर्नल फेअर पुढे अफगाण युद्धात लढले आणि १८९७ पर्यंत जगले. मल्हारराव १८८२ मध्ये मद्रासलाच वारले. बडोदा त्यांना परत दिसले नाही.

तर मग दोषी की निर्दोष?

पुरावे तीन ढिगांत ठेवता येतात.

- जवळपास नक्की : पेल्यात सोमल होता. रेसिडेन्सीचे नोकर महाराजांच्या संपर्कात होते आणि त्यांना पैसे मिळत होते.
- बहुधा खरे : विष रेसिडेन्सीतीलच कोणीतरी टाकले. रावजीला त्याबद्दल माहिती होती.
- सिद्ध न झालेले : विष महाराजांच्या हुकमाने आले. ही कडी माफी मिळालेल्या एका माणसाच्या शब्दावर लटकते आणि त्याने सांगितलेल्या दोन्ही दुकानदारांपैकी एकानेही तिला आधार दिला नाही.

मल्हारराव वाईट राजे होते, यावर आज फारसा वाद नाही. पादऱ्याची कैद, भाऊ शिंद्यांचा मृत्यू, शेतकऱ्यांची लूट या गोष्टींमुळे त्यांच्यावर संशय घेणे स्वाभाविक होते. पण स्वभावावरून गुन्हा सिद्ध होत नाही. आजच्या कोर्टातही माफीच्या साक्षीदाराचे म्हणणे महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याने पक्के व्हावे, अशी अपेक्षा असते. ती कसोटी लावली तर शिंदे आणि दिनकररावांचा कौल अधिक योग्य ठरतो : आरोप सिद्ध झाला नाही. याचा अर्थ मल्हाररावांनी ते केले नाही, असा होत नाही. पण त्यांना गुन्हेगार म्हणून लिहून टाकण्याइतके पुरावे १८७५ मध्ये नव्हते आणि आजही नाहीत.